ऑपरेशननंतरचं दुखणं: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पेशंटचे नेहमीचे प्रश्न

सर्जिकल वॉर्डात सिस्टर म्हणून माझी वीसहून जास्त वर्षं गेली. खानापूर, नंदगड, हुक्केरी, संकेश्वर, चिकोडी, निपाणी आणि हद्दीपलीकडचं चंदगड, सगळीकडचे पेशंट पाहिले. खाटेशेजारी बसलेली माणसं हळू आवाजात जे विचारतात, तेच इथे लिहिलंय. औषध कोणतं आणि किती हे तुमचे डॉक्टरच ठरवतील. पण विचारायचं काय आणि सांगायचं काय, हे पेशंटला ठाऊक असलं की अर्धी रात्र सोपी जाते.

ऑपरेशन झालं म्हणजे दुखणारच. सोसायला नको का?

थोडं दुखणार, हे खरं. पण सोसण्यात शहाणपण नाही. पोटाला टाके असलेला माणूस दुखतं म्हणून खोल श्वास घेत नाही, खोकत नाही. मग कफ छातीत साठतो आणि न्यूमोनियाची भीती वाढते. दुखतं म्हणून पाय हलवत नाही, तर पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होण्याचा धोका. बीपी चढतं, साखर चढते, झोप लागत नाही. म्हणून दुखणं कमी करणं हा उपचाराचाच भाग आहे, लाड नव्हे.

आमच्याकडे मात्र सोसणाऱ्याचं कौतुक होतं. "आमची आई लई खंबीर, हूं का चूं केलं नाही," असं लेक अभिमानानं सांगते. ती आई तिसऱ्या दिवशीही खाटेवरून उतरलेली नसते.

किती कमी व्हायला पाहिजे? पूर्ण थांबेल का?

पूर्ण थांबेल असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. मोजमाप साधं आहे. खोल श्वास घेता येतो का? उशी पोटाशी धरून खोकता येतं का? बाथरूमपर्यंत चालता येतं का? दोन-चार तास सलग झोप लागते का? पडून असताना बरं वाटतं, हे पुरेसं नाही. सिस्टरनं विचारलं तर हालचाल केल्यावर किती दुखतं ते सांगा.

फाइलीत दुखण्याचं औषध लिहिलं होतं. तरी रात्रभर कोणी दिलं नाही. असं कसं?

सगळ्यात जास्त वेळा ऐकलेला प्रश्न हाच, आणि याचं उत्तर बहुतेक वेळा तीन अक्षरांत असतं: एसओएस.

हे अक्षर औषधापुढं लिहिलेलं असेल तर अर्थ "गरज पडल्यास". मूळ लॅटिन शब्दांची आद्याक्षरं आहेत. म्हणजे पेशंटनं मागितलं तर द्यायचं. डॉक्टरांना वाटतं, दुखलं तर मागेल. सिस्टरला वाटतं, मागितलं नाही म्हणजे दुखत नाही. आणि पेशंटला वाटतं, लिहिलंय म्हणजे वेळ झाली की आणून देतील. तिघंही आपापल्या जागी बरोबर, आणि मधल्या मध्ये पेशंट पहाटेपर्यंत छताकडं बघत पडलेला.

तर मागायचं असतं, हे पहिल्यांदा डोक्यात ठेवा. संध्याकाळच्या राउंडला डॉक्टरांना सरळ विचारा: "दुखण्याचं औषध वेळेवर द्यायचं लिहिलंय की मागितल्यावर? रात्री जास्त दुखलं तर वरून काय देणार?" मोठ्या ऑपरेशननंतर पहिले दोन-तीन दिवस साधं औषध ठरल्या वेळेला, न मागता द्यायचं, आणि त्याच्या वर लागलं तर मागून घ्यायचं, हीच चांगली पद्धत. दुखणं डोक्यावर चढल्यावर उतरवायला जास्त औषध लागतं. गोळी लागू पडायलाच अर्धा-पाऊण तास जातो. म्हणून कळ सहन होईना अशी वेळ येईपर्यंत थांबू नका. ड्रेसिंग, फिजिओथेरपी किंवा पहिल्यांदा चालायचं असेल, त्याच्या अर्धा-एक तास आधी औषध मागा.

बाकीची अक्षरंही सांगून ठेवते. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी म्हणजे दोनदा, टीडीएस म्हणजे तीनदा. निपाणीकडच्या एका आजोबांना डॉक्टरांनी बीडी लिहून दिली हे ऐकून भलताच आनंद झाला होता. त्यांचा गैरसमज दूर करायला मला दहा मिनिटं लागली.

सिस्टरला सारखं सांगितलं तर रागावतील. मग?

रागावतील कदाचित. रात्रपाळीला एकटी सिस्टर आणि खाटा भरलेल्या, असं आमच्याकडे किती तरी वॉर्डांत असतं. तरी सांगा. "लई दुखायलंय" एवढंच नको. कुठं, केव्हापासून, शेवटचं औषध किती वाजता मिळालं, त्यानं किती फरक पडला, असं सांगा. मग सिस्टरला डॉक्टरांना फोन लावायला आधार मिळतो. नातेवाइकांनी एका कागदावर औषधाच्या वेळा लिहून ठेवल्या तर माझ्यासारखीला हायसंच वाटतं.

"दहापैकी किती दुखतं" असं विचारतात. काय सांगायचं?

शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे तुम्हाला कल्पना करता येईल तितकं भयंकर. यात बरोबर-चूक उत्तर नसतं. शेजारच्या खाटेवरचा तेच ऑपरेशन होऊन तीन म्हणाला आणि तुम्ही सात म्हणालात, तर तुम्ही नाटकी ठरत नाही. आकड्याचा खरा उपयोग तुलनेसाठी आहे: इंजेक्शनआधी आठ, अर्ध्या तासानं सहा, म्हणजे अजून काहीतरी करायला हवं.

आकडा जमत नसेल तर आण्यांत सांगा. खानापूरकडच्या एका अक्कांनी मला सांगितलं होतं, "बारा आणे हाय बघ." मी चार्टवर साडेसात लिहिलं. गणित चुकलं नव्हतं.

आकड्याइतकाच शब्द महत्त्वाचा. ठणका लागलाय, आग होते, कळ मारते, चमक निघते, ताण बसल्यासारखं वाटतं, मुंग्या येतात, यातलं जे असेल ते. आग, चमक आणि मुंग्या नसेच्या दुखण्याकडं बोट दाखवतात आणि त्याची औषधं वेगळी असतात. आतून वाढत जाणारा ठणका आणि सोबत ताप, तर जखम उघडून बघावी लागते.

आमची आई फक्त मराठी बोलते आणि सिस्टर कानडी. तिचं दुखणं कोण समजून घेणार?

आपल्या भागातला अगदी खरा प्रश्न. इकडं घरात मराठी, बाजारात दोन्ही, फॉर्म कानडीत आणि केसपेपर इंग्रजीत. नव्यानं ड्यूटीला आलेली सिस्टर दूरच्या जिल्ह्यातली असेल तर तिला "ठणका" कसा कळणार? आणि खरं सांगायचं तर कानडी बोलणाऱ्या पेशंटचंही मराठी सिस्टरपुढं असंच होतं. मीही सुरुवातीला अडखळलेय.

कामापुरते काही शब्द: दुखणं म्हणजे नोवू, गावाकडं ब्यानी. खूप म्हणजे भाळ. आग होणं म्हणजे उरी. गोळी म्हणजे गुळगी. "नोवू कडिमी आगिल्ल" म्हणजे दुखणं कमी झालं नाही. वांती आणि चक्कर दोघांनाही कळतात. शून्य ते दहाचा कागद खाटेला अडकवून बोट ठेवायला सांगितलं, तर शब्दांची गरजही कमी होते. हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांची पट्टी याहून सोपी.

संमतीपत्राचं मात्र असं चालवून घेऊ नका. सर्वोच्च न्यायालयानं २००८ साली समीरा कोहली खटल्यात सांगितलंय की पेशंटला पुरेशी माहिती मिळाल्यावर दिलेली संमतीच खरी. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानं तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेतही माहिती समजणाऱ्या भाषेत देण्याचा मुद्दा आहे. कानडी फॉर्मवर अंगठा उठवण्याआधी "मराठीत वाचून दाखवा" म्हणायला लाजू नका. भांडणाची गरज नाही. बहुतेक वॉर्डात एखादा तरी वॉर्डबॉय किंवा मावशी दोन्ही भाषा घरच्यासारख्या बोलते.

आजोबांना काही सांगता येत नाही, सारखे बरळतात. लहान मुलाचं तर कसं कळणार?

चेहरा बघा. कपाळावर आठ्या, कण्हणं, हात सारखा एकाच जागी जाणं, अंगाला हात लावला की आखडणं. लहान मुलात पाय पोटाशी ओढणं, न शमणारं रडणं. किंवा उलट, अगदी गप्प पडून राहणं. गप्प मूल म्हणजे आराम पडलेलं मूल, असं धरू नका. यासाठी सिस्टरकडं खास तक्ते असतात, पण रोजचं वागणं घरच्यांनाच ठाऊक. "हे आमचे आजोबा असे नाहीत," हे वाक्य डॉक्टरांना सांगा. म्हाताऱ्या माणसाचं बरळणं दुखण्यानं, लघवी तुंबल्यानं, औषधानं किंवा जंतुसंसर्गानंही असू शकतं.

लहान मुलांचं औषध वजनावर मोजून देतात. मोठ्यांची गोळी अर्धी मोडून देणं सोडून द्या. निमेसुलाइड बारा वर्षांखालच्या मुलांना देण्यावर आपल्या देशात २०११ पासून बंदी आहे, तरी कुणाच्या तरी घरच्या डब्यातून ती निघतेच.

एका दुखण्याला दोन-तीन औषधं का? पैसे काढायचा धंदा तर नव्हे?

नाही, उलट हेच शहाणपणाचं. पॅरासिटामोल एका वाटेनं काम करतं, डायक्लोफिनॅकसारखी सूज कमी करणारी औषधं दुसऱ्या, जखमेभोवती किंवा नसेशी दिलेलं बधिर करणारं इंजेक्शन तिसऱ्या. प्रत्येकाचा थोडा-थोडा डोस दिला की मॉर्फिनसारखं जड औषध कमी लागतं आणि त्याचे त्रासही कमी होतात. हल्ली भूल देणारे डॉक्टर सोनोग्राफीत बघून नसेजवळ इंजेक्शन देतात, त्याला नर्व्ह ब्लॉक म्हणतात. गुडघा, खांदा, हर्निया, सिझर, सगळ्यांत उपयोगी. ऑपरेशनआधी भूल देणारे डॉक्टर तपासायला येतात, तेव्हा विचारा: "माझ्यासाठी ब्लॉक देता येईल का?" ब्लॉक काही तासांनी उतरतो, तेव्हा दुखणं एकदम उसळतं. उतरायच्या आधीच गोळी सुरू करायला सांगा.

किडनीचा त्रास, अल्सर, हार्टची तक्रार, रक्त पातळ करायच्या गोळ्या, यांतलं काही असेल तर डायक्लोफिनॅकच्या जातीचं औषध घेण्याआधी सांगितलंच पाहिजे.

गुदद्वारातून औषध देतात म्हणे. शी!

सपोझिटरी. सिझरनंतर बायकांना बऱ्याचदा देतात. पेशंटला उलटी होत असेल किंवा तोंडानं काही द्यायचं नसेल तर उपयोगी. मोठी गोष्ट नाही, एका मिनिटाचं काम.

मॉर्फिन दिलं तर सवय लागेल का?

ऑपरेशननंतर थोडे दिवस, देखरेखीखाली, ठरल्या डोसात दिलं तर व्यसनाची शक्यता फार कमी. धोका वेगळा आहे: जास्त झालं तर माणूस सुस्तावतो आणि श्वास मंदावतो. श्वास मंदावण्याआधी सहसा झापड येते. पेशंट हाक मारल्यावर डोळे उघडत नसेल, घोरण्यासारखा विचित्र आवाज येत असेल, तर "छान झोप लागली" म्हणू नका, सिस्टरला लगेच बोलवा. उतारा म्हणून नालोक्सोन असतं. मळमळ, खाज आणि बद्धकोष्ठ हे रोजचे त्रास. शौचाला साफ होण्याचं औषध सोबतच मागून घ्या, तीन दिवस वाट बघू नका.

मोठ्या हॉस्पिटलात कधी बटण असलेला पंप लावतात. ते बटण फक्त पेशंटनं दाबायचं. गुंगीत गेलेला माणूस बटण दाबत नाही, त्यामुळे जास्त औषध जात नाही, हीच त्यातली राखण. प्रेमापोटी लेकानं दाबलं की ती राखण गेली.

मग छोट्या नर्सिंग होममध्ये मॉर्फिन का नसतं?

कायद्याची जुनी धास्ती. १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा इतका कडक होता की परवाने, नोंदी आणि शिक्षेच्या भीतीनं किती तरी हॉस्पिटलांनी ते ठेवणंच सोडलं. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन मॉर्फिन, फेंटानिलसारख्या औषधांसाठी नियम सोपे झाले. पण कुलूपबंद कपाट, रजिस्टर आणि रिकाम्या अँप्यूलचा हिशेब ठेवावाच लागतो, आणि तो ठेवायला माणूस लागतो. त्यामुळे तालुक्याच्या ठिकाणी बहुतेक वेळा ट्रॅमाडॉल या त्यामानानं सौम्य औषधावर भागवतात. २०१८ पासून तेही याच कायद्याखाली आलंय. मोठं ऑपरेशन असेल तर ठरवण्याआधी हा प्रश्न विचारण्यासारखा आहे: पहिल्या रात्री जड दुखण्यावर तुमच्याकडे काय आहे?

भुलीचं इंजेक्शन कमरेत, मणक्यात दिल्यावर जन्मभर कंबर दुखते ना?

हा समज सासूकडून सुनेकडं चालत आलाय. इंजेक्शनच्या जागी काही दिवस ठुसठुस राहू शकते. पण कायमची कंबरदुखी त्या सुईमुळे होते, असं अभ्यासांत दिसलेलं नाही. बाळंतपणानंतर कंबर दुखते ती नऊ महिन्यांच्या ओझ्यानं, सैल झालेल्या सांध्यांनी, वाकून दूध पाजण्यानं. सुई न टोचलेल्यांचीही दुखते.

डोकेदुखीचं मात्र खरं आहे. बसलं-उठलं की डोकं फुटेल असं दुखणं आणि आडवं झाल्यावर उतरणं, हे काही जणांना पहिल्या काही दिवसांत होतं. हल्लीच्या बारीक सुयांनी ते कमी झालंय. बारा तास उशी न घेता सपाट झोपवून ते टळत नाही, तरी अजून काही ठिकाणी झोपवतात. झालंच तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना कळवा, त्यावर उपाय आहेत.

दूध पाजणाऱ्या आईला पॅरासिटामोल आणि आयब्युप्रोफेन सहसा चालतं. कोडीन आणि ट्रॅमाडॉल टाळतात, कारण दुधातून बाळाला गुंगी येऊ शकते.

पित्ताशय दुर्बिणीनं काढलं. खांदा का दुखतोय?

पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड भरतात. उरलेला वायू पोट आणि छातीमधल्या पडद्याला चोळतो आणि त्या पडद्याची नस मानेतून येते, म्हणून दुखणं खांद्यात जाणवतं. एक-दोन दिवसांत जातं. चाला.

तंबाखू, मिश्री, दारू सांगायचीच का? सगळे ऐकतात.

सांगाच, पण एकट्यात. राउंडला सासरे उभे असताना सून मिश्रीचं कबूल करणार नाही, म्हणून मी सगळ्यांना बाहेर पाठवून विचारत असे. तंबाखू ओढणाऱ्याला ऑपरेशननंतर खोकला जास्त, आणि प्रत्येक खोकल्याला टाका ओढतो. रोज दारू घेणाऱ्याची दारू एकदम बंद झाली तर दोन-तीन दिवसांत थरथर, बडबड सुरू होते आणि सगळे त्याला "दुखण्यानं वेडा झाला" म्हणतात. शिवाय दारूनं थकलेल्या लिव्हरला पॅरासिटामोलही कमी द्यावं लागतं.

भात खाल्ला की पू होतो का?

नाही. बेळगावच्या माणसाला भात तोडायला सांगणं हा वेगळाच छळ. डॉक्टरांनी खायला परवानगी दिली की भात, आमटी, अंडं, सगळं खा.

घरी सोडलं. पुढं काय जपायचं?

प्रवासापासूनच सुरुवात. वडापच्या, म्हणजे भरून धावणाऱ्या भाड्याच्या गाडीच्या, मागच्या सीटवर कोंबून नेऊ नका. पुढची सीट, पोटाशी उशी, निघण्याआधी गोळी. आमचे रस्ते तुम्हाला ठाऊक आहेत.

मग गोळ्यांची बेरीज करा. याकडं कोणी बघत नाही. पॅरासिटामोल बऱ्याच जोडगोळ्यांत लपलेलं असतं. समजा ६५० मिलिग्रॅमची गोळी चार वेळा, म्हणजे २६००. सूज उतरायची जोडगोळी दोनदा, प्रत्येकीत ३२५, म्हणजे ६५०. ट्रॅमाडॉलची जोडगोळी तीनदा, तिच्यातही ३२५, म्हणजे ९७५. झाले ४२२५. मोठ्या, धडधाकट माणसाची दिवसाची मर्यादा ४००० आहे, आणि ४० किलोच्या बाईची त्याहून कमी. तिन्ही पट्ट्या घेऊन मेडिकलवाल्याला किंवा डॉक्टरांना विचारा. आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून "दोन दुखण्याच्या द्या" म्हणून सुट्ट्या गोळ्या आणू नका.

योजनेच्या कार्डावर ऑपरेशन झालं, तरी औषध बाहेरून आणायला लावलं.

आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक योजनेच्या पॅकेजमध्ये ऑपरेशनची औषधं धरलेली असतात. केंद्राच्या आयुष्मान योजनेत घरी सोडल्यानंतरची १५ दिवसांची औषधंही येतात. हॉस्पिटलात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा मदतनीस, बसतो, त्याच्याकडं चिठ्ठी घेऊन जा. तिथं काम झालं नाही तर १०४ वर फोन करा. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी आपल्या आरोग्य योजनेची घोषणा केली होती. तिच्या भरवशावर कोल्हापूर किंवा मिरज गाठायचं असेल तर निघण्याआधी त्याच हॉस्पिटलात फोन करून खात्री करा.

हॉस्पिटलनं काय बदलायला हवं?

मला विचाराल तर फार पैसे लागत नाहीत. आमच्या वॉर्डात एका मॅडमनी ताप-नाडीच्या चार्टवर दुखण्याचा एक रकाना आखायला लावला. आम्ही कुरकुर केली, आणखी एक लिहायचं काम म्हणून. पण रकाना रिकामा दिसायला लागला तसं विचारावं लागलं, आणि विचारलं की आठ-नऊ आकडा लिहून तसंच पुढं जाता येईना. औषध दिल्यावर अर्ध्या तासानं पुन्हा विचारायचं, हीदेखील त्याच रकान्यानं लावलेली सवय. एनएबीएचचं, म्हणजे हॉस्पिटलांचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाचं, मानांकन घेणाऱ्या हॉस्पिटलांना दुखण्याची नोंद ठेवावीच लागते. मात्र काही ठिकाणी पाहणीच्या आदल्या रात्री सगळ्या पेशंटना "दोन" भरलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय.

कधी थांबायचं नाही, लगेच धावायचं?

औषध घेऊनही दुखणं वाढतच चाललंय. ताप, जखमेतून घाण वासाचा पू. पोट दगडासारखं कडक, उलट्या. एका पोटरीत दुखणं आणि सूज. छातीत दुखून धाप लागणं. प्लास्टर घातलेल्या हातापायात आवरेनासं दुखणं, बोटं हलवली की जीव जाणं, बोटं थंड किंवा बधिर पडणं. या शेवटच्यात तास मोजायचे असतात, सकाळ होऊ द्यायची नसते. १०८ ला फोन करा.

तीन महिने झाले, टाके कधीच सुकले, तरी आग होते.

असं होतं. हर्निया, स्तन, छाती, हातपाय काढणं, अशा ऑपरेशननंतर काही जणांची नस दुखत राहते. ते मनाचे खेळ नव्हेत. नेहमीच्या गोळ्यांनी ते हटत नाही. नसेची वेगळी औषधं असतात, ती हळूहळू वाढवतात आणि फरक पडायला काही आठवडे लागतात. बेळगावात मेडिकल कॉलेजला जोडलेल्या हॉस्पिटलांत भूलशास्त्र विभाग आहेत, तिथं चौकशी करा. जाताना डिस्चार्ज कार्ड, आधी घेतलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या आणि कपड्याचा स्पर्शही सहन होत नसेल तर तेवढा भाग पेनानं गोल करून न्या. डॉक्टर कोणत्याही भाषेचे असले तरी तो गोल त्यांना वाचता येतो.